अमानत म्हणून सोपवलेले मूल

मुलाला मदरशात किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ठेवताना आपल्याकडचे वडीलधारे पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य बोलत आले आहेत : 'गोश्त तुम्हारा, हड्डी हमारी.' मारा, झोडा, पण माणूस बनवा, असा त्याचा भावार्थ. ही म्हण केवळ आपल्या मोहल्ल्याची नाही. तुर्की भाषेतही मूल शिक्षकाच्या हवाली करताना शब्दशः हेच म्हटले जाते. छडीवाचून विद्या नाही ही मराठी घरातली जुनी समजूतही याच कुळातली आहे. म्हणजे धर्म, भाषा, मुलूख बदलला तरी बापाची अगतिकता आणि उस्तादाचा अधिकार यांचे नाते सगळीकडे सारखेच दिसते.

या म्हणीत प्रेम नाही असे मी म्हणणार नाही. हाड आमचे, म्हणजे मूल शेवटी आमचेच आहे, त्याला कायमचे मोडू नका, अशी एक दबकी विनवणी तिच्यात आहे. परंतु तिच्यात एक वाटणीही आहे. मुलाच्या देहाची वाटणी दोन प्रौढ माणसे करून घेतात आणि ज्याचा देह आहे तो शेजारी मुकाट उभा असतो. त्याच्या वाट्याला काय आले, हे म्हण सांगत नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवलेले मूल नेमके कोणाचे असते आणि त्याच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्न म्हणूनच नीट विचारला पाहिजे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. हा कापसाचा जिल्हा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. कर्ता पुरुष गेलेल्या किंवा कर्जात बुडालेल्या घरातले मूल शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहते, मग परीक्षेला राहते, मग पटावर फक्त नाव उरते. ज्याच्याकडे शेतीही नाही अशा मुस्लिम कुटुंबात, मग तो पिंजारी असो, बागवान असो की हातमजुरी करणारा असो, आठवी-नववीनंतर एकच वाक्य ऐकू येते : 'पढके क्या करेगा, हाथ में हुनर रहने दो.' पुसद, दिग्रस, आर्णी, पांढरकवडा, वणी, कुठल्याही गावाच्या रस्त्याला लागा. गॅरेज, पंक्चरचे दुकान, वेल्डिंग, बेकरीची भट्टी, शिंप्याचे दुकान येथे काजे करणारा, पाना आणून देणारा एखादा पोरगा दिसतोच. त्याला पगार नसतो, आठवड्याची खर्ची असते. तो नोकर नसतो, 'काम शिकायला' असतो.

कोलाम, गोंड, आंध मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. कोणी मदरशात हिफ्ज करतो, कोणी मुक्त विद्यालयाची परीक्षा देतो, कोणी आयटीआयमधून कारखान्यात उमेदवारीला जातो. बालकामगार प्रकल्पाच्या खास शाळा १९८८ पासून देशातील निवडक जिल्ह्यांत चालल्या आणि २०२१ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकायला पाठवावे असे सुचवले आहे. हे सगळे मार्ग वेगवेगळे, पण एक गोष्ट समान आहे. चार भिंतींची, घंटेची, हजेरीपटाची शाळा सोडून मूल एका माणसाच्या हाती जाते. तो माणूस चांगला निघाला तर मुलाचे सोने होते. तो तसा निघाला नाही तर? या 'तर'ची व्यवस्था कोणी केली आहे?

हा पेच नवा नाही, आणि त्याची पहिली गंभीर चर्चा आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च, अशी ती कल्पना होती. तीच पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी तिथे आक्षेप घेतला, की यातून मुलांची गुलामी निर्माण होईल. योजना आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आले. त्यांच्या समितीने योजना स्वीकारली, पण अहवालातच धोका नोंदवून ठेवला : उत्पन्नावर भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातला शिक्षणाचा गाभा हरवेल. पुढे राष्ट्रपती झालेल्या या माणसाचा हा इशारा मला फार मोलाचा वाटतो. तो योजनेच्या विरोधकाचा नव्हता, तिच्या शिल्पकाराचा होता. हाताने काम करण्यावर ज्याची श्रद्धा होती, त्यालाच त्यातला धोका स्पष्ट दिसला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शाळेने नाकारलेल्या कितीतरी मुलांना उस्तादांनी उभे केले आहे. गणितात नापास झालेला मुलगा इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो, ही विद्या त्याला कुठल्या वर्गात मिळाली नाही. अनेक उस्ताद शागिर्दाला जेवू घालतात, त्याच्या बहिणीच्या लग्नाला हातभार लावतात, शेवटी त्याला स्वतंत्र दुकान टाकून देतात. तेव्हा कायद्याची फूटपट्टी घेऊन प्रत्येक उस्तादाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे. बालमजुरी बंद करा म्हणणारे पुष्कळ असतात. ते मूल दुपारी कुठे जाईल हे सांगणारे थोडे. त्यामुळे प्रश्न हुनर शिकवावे की नाही हा नाहीच. विश्वास ठेवला म्हणजे देखरेखीची गरज संपते का, हा खरा प्रश्न आहे.

आपला समाज याचे उत्तर बहुधा 'हो' असे देतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला विचारायचे कसे? मौलवीसाहेबांना, उस्तादाला, गुरुजींना जाब विचारणे हा अपमान. या समजुतीमागे एक चुकीचे गृहीतक आहे : मुलाला इजा होते ती दुष्ट माणसाकडूनच, आणि आमचा माणूस तर दुष्ट नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या दोन घटना पाहा. २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. ही प्रौढ, अनुभवी माणसे होती. पण त्यांचा अनुभव पाहून-पाहून आलेला होता. कोणते औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावे, अंगावर उडाले तर काय करावे, हे त्यांना पाठीवर पंप देताना कोणी शिकवले नव्हते. दुसरी घटना ३१ जानेवारी २०२१ची. घाटंजी तालुक्यातील कापसीकोपरी येथे बारा लहान मुलांना पोलिओच्या लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. थेंब पाजणाऱ्यांच्या मनात वैर नव्हते, केवळ लक्ष नव्हते. शेजारी दुसऱ्या कोणी बाटलीवरचे नाव वाचले असते तरी पुरे होते. दोन्ही घटनांतून दिसते ते हेच, की सद्‌हेतू हे संरक्षण नव्हे. गरम भट्टीजवळ उभ्या केलेल्या बारा वर्षांच्या मुलाला चटका बसायला भट्टीवाला क्रूर असावा लागत नाही. तो घाईत असला तरी पुरते.

आणि जिथे हेतूच वाईट असतो तिथे तर विश्वास हेच हत्यार होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले, ते एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा. त्या आवारात तिला सांगण्याजोगे एकही माणूस नव्हते, म्हणून सांगण्यासाठी तिला दिवाळीची वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा पोलिसांना तत्काळ न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदवावा लागला. मुलाच्या इजेपेक्षा संस्थेची अब्रू मोठी, हा हिशेब सगळीकडे चालतो.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक भीती मिसळते, आणि ती खोटी नाही. आधीच मुसलमानांकडे, मदरशांकडे संशयाने पाहिले जाते; त्यात आपणच उणे काढले तर विरोधकांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल. मे २०२३ अखेर काय घडले ते वाचकांना आठवत असेल. बिहारमधून सांगलीच्या मदरशाकडे निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर रेल्वेतून उतरवण्यात आली. मुलांची तस्करी होत असल्याचा गुन्हा नोंदवून सोबतच्या पाच जणांना अटक झाली. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात होते, मुले बारा दिवस बालगृहात. पुढे मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचे सांगून पोलिसांनीच प्रकरण बंद केले. निरपराध माणसांवर झालेला हा अन्याय होता, आणि त्याची खंत बोलून दाखवलीच पाहिजे.

परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाही. शेकडो मैलांवर मुले पाठवताना प्रत्येकासोबत आईबापांचे संमतिपत्र, मदरशाचे प्रवेशपत्र, घरी संपर्काचा पत्ता असता आणि दोन्हीकडच्या बालकल्याण समितीला आधी कळवलेले असते, तर संशयाला इतकी जागा उरली नसती. संशय घेणाऱ्याचा दोष त्यामुळे कमी होत नाही. पण कागद मुलाला जसा जपतो तसा उस्तादालाही जपतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. ज्या व्यवस्थेत काही लिहून ठेवलेले नसते तिथे प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही आणि लबाडाची लबाडी उघडी पडत नाही.

ही दृष्टी कोणी बाहेरून आणून आपल्यावर लादलेली नाही. कुरआनच्या 'निसा' या सूरेत अनाथांच्या संपत्तीविषयी स्पष्ट आदेश आहे. मूल जाणते झाले की नाही हे पारखावे, मगच त्याची मालमत्ता त्याच्या हवाली करावी आणि ती हवाली करताना साक्षीदार ठेवावेत. यात पालक अप्रामाणिक आहे असे कुठे म्हटलेले नाही. उलट तो गरजू असेल तर त्याला वाजवी मोबदल्याची मुभा आहे. तरीही साक्षीदार हवा! चार पैशांच्या बाबतीत अल्लाहला केवळ सज्जनपणावर भागवून घेणे मान्य नसेल, तर मुलाच्या देहामनाच्या बाबतीत ते कसे मान्य होईल? अमानत या शब्दाचा अर्थच हा, की वस्तू माझ्या ताब्यात आहे पण माझ्या मालकीची नाही, आणि तिचा हिशेब मला द्यायचा आहे. हिशेब मागणारा माझा अपमान करत नाही. तो मला माझ्या पदाची आठवण देतो.

हजरत अनस (रजि.) यांची हकीकत आपण सारे जाणतो. दहा वर्षांच्या अनसना त्यांच्या आईने प्रेषितांच्या (स.) सेवेत ठेवले. पुढची दहा वर्षे ते तिथे होते, आणि म्हातारपणी त्यांनी साक्ष दिली ती अशी, की या काळात प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ' म्हटले नाही, हे का केलेस आणि ते का केले नाहीस असे कधी दरडावले नाही. काम शिकायला ठेवलेल्या मुलाची ही इस्लामच्या इतिहासातली सर्वांत मोठी साक्ष आहे. तिच्यात 'गोश्त तुम्हारा'ला जागा कुठे आहे? चौदाव्या शतकात इब्न खल्दूननेही आपल्या 'मुकद्दिमा'त लिहून ठेवले, की कठोर शिक्षा मुलाचा उत्साह मारते आणि अंगावर हात पडू नये म्हणून त्याला खोटे बोलायला, ढोंग करायला शिकवते. पुढे हा दोष त्याचा स्वभावच बनतो. म्हणीला शेकडो वर्षांची परंपरा असेल, पण तिच्याविरुद्धची परंपरा तिच्याहून थोर आहे.

राहिला गीबतीचा मुद्दा. उस्तादाबद्दल वाईट बोलणे म्हणजे गीबत, असे सांगून मुलांची तोंडे बंद केली जातात. इमाम नववींनी ज्या प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगण्यास परवानगी असल्याचे नोंदवले आहे, त्यांत जुलमाची दाद मागणे, वाईट गोष्ट थांबवण्यासाठी मदत मागणे आणि लोकांना सावध करणे ही तिन्ही येतात. अत्याचार सोसलेल्या मुलाने बोलणे हे पाप नाही. त्याला गप्प बसवणे मात्र जुलमाला हातभार लावणे होय.

आता कायद्याकडे वळू. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने ते दडवले तर त्याला शिक्षा आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात लेखी, नोंदणीकृत करार आणि किमान चौदा वर्षे वयाची अट आहे. कामावर इजा झाली तर मालक भरपाई देतो. पण हा कायदा कारखान्यापर्यंत पोचतो, पंक्चरच्या दुकानापर्यंत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे, मानसिक छळ करणे याला मनाई केली. २०१२च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. धार्मिक स्वायत्तता म्हणून आपण त्याचे स्वागत केले. त्या स्वायत्ततेबरोबर मार न खाण्याचा मुलाचा हक्कही त्या कायद्यापुरता वगळला गेला, याकडे आपले लक्ष गेले का?

२०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास सरसकट बंदी केली, पण शाळा सुटल्यावर कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करण्याची सूट ठेवली. या 'कुटुंबात' काका, आत्या, मामा, मावशीही आहेत. म्हणजे मामूच्या दुकानात मूल सुरक्षित आहे, असे कायद्याने गृहीत धरले. रक्ताचे नाते हेच संरक्षण, ही आपली जुनी समजूत कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसली. मामू प्रेमळ असेलही. पण मामूविरुद्ध तक्रार करणे अनोळखी मालकाविरुद्ध तक्रार करण्यापेक्षा मुलाला किती कठीण, याचा विचार कायद्याने केला नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.

सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशात जातात. तेव्हा सारी चर्चा मदरशाभोवती फिरवण्यात अर्थ नाही. जी मुले ना शाळेत, ना मदरशात, ती दुकानांच्या मागच्या अंधाऱ्या भागात आहेत, आणि त्यांची मोजदाद कुठल्या पटावर नाही.

यावर करण्यासारखे आहे ते फार खर्चाचे नाही. आधी मुलाचे वय आणि शाळा पाहावी. चौदाच्या आतले मूल कामाला ठेवूच नये. त्यावरच्या मुलाला ठेवताना एक साधा कागद असावा : काम कोणते, धोक्याचे कोणते नाही, तास किती, खर्ची किती, मुक्काम नाही, किती महिन्यांत काय शिकवणार. त्यावर बाप आणि उस्ताद यांच्याबरोबर तिसऱ्या जाणत्या माणसाची सही असावी. तो मशिदीच्या कमिटीचा असेल, शाळेतला शिक्षक असेल, महिला बचत गटातली एखादी खाला असेल. या तिसऱ्याने महिन्यातून एकदा जाऊन मुलाशी एकट्याने बोलावे. उस्तादासमोर विचारलेल्या 'ठीक आहेस ना?'ला मूल 'हो' म्हणणारच. १०९८ हा क्रमांक त्याला तोंडपाठ असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जिथे ते जाणार आहे तिथे जायची त्याची इच्छा आहे का, हे त्याला आधी विचारावे आणि 'नाही' म्हटले तर ऐकावे.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर कोणी उस्ताद मूल ठेवणारच नाही, आणि ते रस्त्यावर येईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. गरीब बापाला निवडीची चैन नसते हेही खरे. पण अट घालण्याची ताकद एकट्या बापात नसते म्हणूनच ती मोहल्ल्याने घालायची असते. आपण मशिदीच्या मिनारासाठी, जलशासाठी, कब्रस्तानच्या भिंतीसाठी एकत्र येतो. कामावरच्या वीस-पंचवीस मुलांची यादी करण्यासाठी एकत्र येणे त्याहून अवघड नाही. जो उस्ताद मुलाला बापाच्या मायेने वागवतो त्याला तिसऱ्याच्या भेटीची अडचण होणार नाही. चहा पाजून तो त्याला शागिर्दाचे काम दाखवील. ज्याला अडचण होते त्याच्याकडे मूल न ठेवणे, हेच मुलाच्या हिताचे.

गोश्त आणि हाड दोन्ही मुलाचे आहे. आईबाप, उस्ताद, मौलवी, गुरुजी आणि सरकार हे सारे त्याचे अमानतदार. अमानत परत करण्याचा दिवस ठरलेला असतो : मूल मोठे होते आणि आपल्या बालपणाचा हिशेब मागते. त्या दिवशी त्याची साक्ष अनस (रजि.) यांच्या साक्षीच्या जवळपास तरी जाणारी असावी, एवढी काळजी आपण आज घेऊ शकतो.